रोजकीर्द आणि खतावणी

(देवमंदिराच्या शतकोत्तर रौप्यमहोत्सवाच्या पूर्वतयारीनिमित्त झालेल्या तीन सायंप्रार्थनांपैकीं दुसऱ्या दिवशीं धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



या महोत्सवाच्या तयारीसाठीं गेल्या पावसाळ्यांत मीं आपल्या धर्मग्रामाचीं जुनीं दप्तरें उघडलीं. स्मरणिकेसाठीं कांहीं नांवें व तारखा हव्या होत्या, एवढेंच निमित्त. बाप्तिस्म्याची, विवाहाची व मृत्यूची अशा तीन प्रकारच्या नोंदवह्या. कांहींचीं पानें कसरीनें खाल्लेलीं, कांहींची शाई ओलीनें पसरलेली. ट्रेंट येथील महासभेनें १५६३ सालीं विवाहांची नोंद ठेवण्याचें बंधन धर्मगुरूंवर घातलें, आणि तो लेखनाचा रिवाज आजतागाईत चालत आला आहे. अशा नोंदींत भावनेला जागा नसते. मूल कोणाचें, जन्म केव्हांचा, धर्मपिता कोण, धर्ममाता कोण, एवढें लिहिलें कीं काम संपलें. तरी मृत्यूच्या वहींत १९१८ सालचा पावसाळा सरून इन्फ्लुएंझाची साथ आली त्या दिवसांचीं पानें लागलीं, आणि मी वाचतां वाचतां थांबलों. हस्ताक्षर तेंच, शाई तीच. परंतु ओळी इतक्या दाट झालेल्या कीं समाससुद्धां उरलेला नाहीं. माझ्या त्या पूर्वसूरींनीं स्वतःविषयीं एक अक्षरही लिहिलेलें नाहीं. दिवसभर दफनें करून रात्रीं कंदिलापाशीं हीं नांवें लिहितांना त्यांच्या मनांत काय चाललें होतें, हें जाणण्याची मला फार इच्छा झाली; आणि तें जाणण्याचा कोणताही मार्ग आतां राहिलेला नाहीं, याचें वाईटही वाटलें.

आजच्या भाषणाचा विषय मला त्या रात्रीं मिळाला. तो विषय म्हणजे रोजनिशी.

हा शब्द आपल्याला नवा नाहीं. पेशव्यांच्या दप्तरांत रोजनिशा होत्या, व त्यांतून वाड यांनीं निवडलेले उतारे विसाव्या शतकाच्या आरंभीं छापूनही निघाले. पण त्यांत सनदा, हुकूम, वसूल व इनामें. अंतःकरणाचा हिशेब तेथें शोधूं जाणें व्यर्थ. आपल्या घरोघरींही एक रोजनिशी असतेच. भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या चौकोनांत दूध किती आलें, गॅसचा सिलिंडर केव्हां लावला, हें आपण टिपून ठेवतों. माझी आई तिसरी इयत्ता शिकलेली. तीही दुधाचा हिशेब तसाच लिही. पण कांहीं कांहीं चौकोनांत ती पेन्सिलीनें एक लहानसा क्रूस काढीत असे. ती गेल्यावर आम्हीं भावंडांनीं तीं पानें पाहिलीं. ते क्रूस कशाचे, हें आम्हांला उमगलें नाहीं. सणांचे नव्हते, उपासांचे नव्हते, कोणाच्या मृत्युदिनाचेही नव्हते. तिला मात्र ठाऊक असलें पाहिजे.

वाण्याच्या दुकानांत दोन वह्या असतात, हें आपल्यांतील जुन्या मंडळींना माहीत आहे. एक रोजकीर्द. तिच्यांत दिवसभर जें घडेल तें घडेल त्या क्रमानें लिहावयाचें. दुसरी खतावणी. तिच्यांत तेंच सर्व पुन्हां वाचून ज्याच्या त्याच्या खात्यावर मांडावयाचें. नुसती रोजकीर्द लिहिणाऱ्या दुकानदाराला आज गल्ल्यांत काय आलें हें कळतें. कोणाचें किती येणें आहे, आणि विशेषतः आपलें कोणाला किती देणें आहे, हें कळत नाहीं. मनाच्या वहीचेंही असेंच आहे. लिहिणारे पुष्कळ असतात, लिहिलेलें पुन्हां वाचणारे थोडे. आणि मनाला जो खरा आराम पडतो तो बहुधा या दुसऱ्या कामांत पडतो, असा माझा अनुभव आहे. तो अनुभव पुढें सांगेनच.

आधीं संत इग्नेशियस यांच्याकडे जाऊं. १५२१ च्या मे महिन्यांत पांपलोना येथील लढाईंत तोफेच्या गोळ्यानें त्यांचा पाय मोडला, व लोयोला येथील घरीं ते अनेक महिने बिछान्यास खिळून राहिले. शूर सरदारांच्या कथा वाचावयास हव्या होत्या. त्या घरांत मिळेनात, म्हणून ख्रिस्तचरित्र व संतचरित्रें हातीं आलीं. एवढें आपण प्रवचनांतून पुष्कळदां ऐकलें आहे. पुढची गोष्ट तितकी सांगितली जात नाहीं. वाचतां वाचतां त्यांनीं एक वही केली. कागद गुळगुळीत, त्यावर रेघा आंखलेल्या. मनास भिडलेले उतारे ते तिच्यांत उतरून घेऊं लागले, प्रभूचे शब्द तांबड्या शाईनें आणि पवित्र मातेचे निळ्या शाईनें. त्यांचें अक्षर सुरेख होतें, आणि ती वही सुमारें तीनशें पानांची झाली. हाड जुळण्याचें काम पायांत चाललें होतें, तसेंच कांहीं काम या वहींतही चाललें असावें. कारण त्याच दिवसांत त्यांच्या ध्यानांत आलें कीं, दरबाराचीं व एका थोर स्त्रीच्या सेवेचीं स्वप्नें रंगवितांना गोड वाटतें खरें, पण मागाहून मन कोरडें पडतें; आणि संतांसारखें जगण्याचा विचार केला तर तो विचार संपल्यावरही आनंद मागें राहतो. ‘मागाहून’ हा शब्द आपण लक्षांत ठेवावा.

वीस वर्षांहून अधिक काळानंतर त्यांनीं रोममध्यें ठेवलेल्या रोजनिशीचे दोन भाग आज उपलब्ध आहेत; ते २ फेब्रुवारी १५४४ पासून २७ फेब्रुवारी १५४५ पर्यंतचे आहेत. येशूसंघाच्या देवमंदिरांना ठरावीक उत्पन्न असावें कीं नसावें, या प्रश्नाचा निर्णय ते त्या वेळीं प्रार्थनेंत शोधीत होते. मिस्सेच्या वेळीं डोळ्यांत अश्रू आले कीं नाहीं, याची त्यांत दिवसागणिक नोंद आहे. पुढें पुढें तर बहुतेक तेवढीच नोंद. सेमिनरींत असतांना ती वाचून मला कंटाळा आला होता, हें कबूल करतों. पन्नाशी उलटल्यावर त्याच कोरड्या ओळींचा आधार वाटूं लागला. त्यांच्या साधनेच्या पुस्तकांत आठवड्याच्या सात दिवसांसाठीं रेघा आंखून, एखादा दोष जितक्या वेळां घडेल तितके ठिपके देण्यास सांगितलें आहे. आणि मग आजच्या ठिपक्यांची कालच्याशीं, या आठवड्याची मागच्या आठवड्याशीं तुलना करण्यास सांगितलें आहे. खतावणी ती हीच. ठिपक्यांना व्याकरण लागत नाहीं. ज्यांना लिहिण्याची भीति वाटते त्यांनीं खुशाल ठिपक्यांपासून आरंभ करावा.

संत पोप तेविसावे जॉन हे शेतकऱ्याचे पुत्र. बेर्गामोच्या सेमिनरींत अगदीं पोरवयांत, १८९५ सालीं, त्यांनीं वही धरली आणि ती १९६२ पर्यंत चालविली. त्यांच्या मृत्यूनंतर १९६४ सालीं ती ‘आत्म्याची रोजनिशी’ या अर्थाच्या नांवानें प्रसिद्ध झाली. १९२५ सालीं त्यांना बल्गेरियांत पाठविण्यांत आलें. तेथें असतांना एका एकांतवासांत त्यांनीं लिहून ठेवलें आहे कीं, आपल्या वाट्याला आलेला क्लेश त्या देशाच्या लोकांकडून नसून ख्रिस्तसभेच्या मध्यवर्ती कारभाराकडून आलेला आहे. वहींत लिहिलें, आणि ते आपल्या कामास लागले. (येथें माझे कांहीं गुरुबंधु हंसत आहेत, त्यांचीं कारणें त्यांच्यापाशीं.)

पण पोपांच्या व संतांच्या वह्यांचें आम्हां संसारी माणसांना काय, असें कोणी म्हणेल. म्हणून एका गृहिणीची हकीकत जरा विस्तारानें सांगतों.

एलिझाबेथ लसर ही पॅरिस येथील बाई. जन्म १८६६ चा. १८८९ सालीं तिचा विवाह फेलिक्स लसर या डॉक्टराशीं झाला. दोघांचें एकमेकांवर अतिशय प्रेम होतें, आणि तें शेवटपर्यंत टिकलें. परंतु वैद्यक शिकत असतांनाच फेलिक्सची श्रद्धा गेली होती. पुढें तो धर्मविरोधी वर्तमानपत्रांत लिहूं लागला, आणि पत्नीचीही श्रद्धा सुटावी या हेतूनें त्यानें तिच्या हातीं रेनां या ग्रंथकाराचीं पुस्तकें दिलीं. घडलें तें उलटेंच. तिला त्या सुंदर भाषेमागचे पुरावे कच्चे वाटले, आणि ती मूळ शुभवर्तमानाकडे वळली. पण हें घरांत बोलावें कोणाशीं? पतीचे विद्वान मित्र जेवावयास येत, धर्माची थट्टा चाले, आणि ही यजमानीण हंसतमुखानें त्यांच्यामध्यें बसलेली असे. १८९९ च्या सप्टेंबर महिन्यांत तिनें रोजनिशी आरंभिली.

त्या वहींत पतीविरुद्ध गाऱ्हाणीं नाहींत. जिवाचें गूज सांगावयास घरांत कोणी नाहीं, हें दुःख आहे, आणि तें तिनें झांकलेलें नाहीं. पण त्याच्या मागोमाग स्वतःसाठीं बांधून घेतलेले नियम आहेत. वाद घालावयाचा नाहीं. विचारल्यावांचून उपदेश करावयाचा नाहीं. आपलें दुखणें व आपली खिन्नता दुसऱ्यांच्या माथीं मारावयाची नाहीं. मूलबाळ झालें नाहीं. प्रकृति नेहमीं नादुरुस्त. १९०५ सालीं धाकटी बहीण ज्युलिएट क्षयानें गेली. १९११ सालीं स्तनाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया करावी लागली. ३ मे १९१४ रोजीं एलिझाबेथ वारली.

त्यानंतर ती वही फेलिक्सच्या हातीं आली. जवळजवळ पंचवीस वर्षें जिच्याशीं संसार केला, जिच्या दुखण्यांत डॉक्टर म्हणून व पति म्हणून उशाशीं बसला, तिचें अर्धें आयुष्य आपल्याला ठाऊकच नव्हतें, हें त्याला पानोपानीं कळत गेलें. आपल्या उद्धारासाठीं तिनें आपल्या यातना देवाला अर्पण केल्या होत्या, हेंही कळलें. ती जिवंत असतांना त्यानें तिच्याशीं पुष्कळ युक्तिवाद केले होते. या वहीशीं युक्तिवाद करतां येईना. कारण ती त्याला पटविण्यासाठीं लिहिलेलीच नव्हती. तो पुन्हां पुन्हां ती वाचीत राहिला, आणि श्रद्धेकडे परतला. १९१७ सालीं त्यानेंच ती प्रसिद्ध केली. १९१९ सालीं डॉमिनिकन संघांत प्रवेश केला. १९२३ सालीं तो धर्मगुरु झाला. पुढें आर्चबिशप म्हणून जगभर नांव झालेले फुल्टन शीन यांनीं तरुणपणीं, १९२४ सालीं, ज्यांच्या मार्गदर्शनाखालीं एकांतवास केला ते हेच फादर लसर. त्यांना १९५० सालीं मृत्यु आला. एलिझाबेथला धन्य ठरविण्याच्या कामास १९३४ सालीं आरंभ झाला आहे.

ही हकीकत सांगतांना मी नेहमीं एका जागीं अडखळतों. बायकांनीं निमूटपणें सोसावें, वहींत लिहावें आणि नवऱ्यानें तें मेल्यावर वाचावें, असा अर्थ कोणी काढील. तो अर्थ मी देत नाहीं. फेलिक्स हट्टी होता. मारकुटा नव्हता, दारुडा नव्हता. ज्या घरांत हात उगारला जातो त्या घरांतील बाईनें वहीकडे नव्हे, माणसांकडे यावें. आमच्याकडे यावें, शेजाऱ्यांकडे जावें, आणि वेळ पडल्यास पोलीस ठाण्यावरही जावें. हें मी या वेदीसमोर उभा राहून स्पष्ट सांगतों.

आतां माझें स्वतःचें. सांगावें कीं नाहीं याचा बराच विचार केला. दादानें परवानगी दिली म्हणून सांगतों.

वडील वारल्यावर आमची वाडी दादानें विकली. केळी, पानवेली, कडेला एक बावखल, अशी ती वाडी. कागदावर माझी सही होती. पण सही करतांना निम्मी वाडी राहील अशी माझी समजूत होती. आज तेथें इमारती उभ्या आहेत. मी रागावलों. धर्मगुरूला राग येत नाहीं असा एक समज आहे, तो अगदीं चुकीचा आहे. मीं तो राग रोजनिशींत लिहूं लागलों. रोज पान, कधीं दोन पानें. लिहिल्यावर झोप लागे, म्हणून वहीचा मोठा गुण आला असें मी मानीत होतों. पण सकाळीं उठावें तों राग जागच्या जागीं, आणि रात्रीं जुळविलेल्या वाक्यांनीं त्याला आणखी धार चढलेली. दीड वर्ष असें गेलें.

मग वार्षिक एकांतवास आला. तेथील मार्गदर्शक धर्मगुरूंनीं मला कोणतेंही पुस्तक दिलें नाहीं. म्हणाले, “फादर, आपली वही बरोबर आहे ना? तीच वाचा. हातांत पेन्सिल घेऊं नका.” मी दोन दिवस वाचली. दादाचे दोष पानोपानीं होतेच. पण त्यांच्या मधून मधून, वाण्याच्या यादीसारख्या, तीन ओळी सांपडल्या, वेगवेगळ्या महिन्यांतल्या आणि एकाच शब्दांतल्या: “दादाचा फोन. घेतला नाहीं.” आणि मी तर बहिणीला, मित्रांना, सर्वांना सांगत होतों कीं दादानें त्यानंतर माझी साधी चौकशीही केली नाहीं. मी जाणूनबुजून खोटें बोलत नव्हतों. मला तें खरोखरच तसें आठवत होतें. आणखी मागें गेलों तों, विक्रीच्या पंधराच दिवस आधींच्या पानावर, पुतणीच्या शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्रीं मी रुग्णालयांत जाऊन तिच्यासाठीं प्रार्थना केल्याची नोंद होती; किती खर्च येणार तो आंकडासुद्धां माझ्याच अक्षरांत होता. त्या आंकड्याचा वाडीशीं कांहीं संबंध असेल, हें मला दीड वर्षांत एकदांही सुचलें नव्हतें. रोजकीर्द पुरी होती. खतावणी केलेली नव्हती.

एकांतवास संपल्यावर परस्पर दादाकडे गेलों. वहिनींनीं दार उघडलें. दादा म्हणाला, “अरे, आलास? बस. चहा घे.” बराच वेळ पावसाच्या व पोरांच्या गोष्टी झाल्या. निघतांना तो दारापर्यंत आला आणि म्हणाला, “निम्मी ठेवायची होती रे. नाहीं जमलं.” वाडी परत आली नाहीं, आणि त्या रस्त्यानें जातांना मला अजूनही वाईट वाटतें. रविवारीं रात्रीं मात्र फोन येतो, आणि मी तो घेतों.

या गोष्टीकडे शास्त्राचेंही लक्ष गेलें आहे. १९८६ सालीं पेनिबेकर व बील या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनीं कांहीं विद्यार्थ्यांना चार दिवस रोज पंधरा मिनिटें लिहावयास लावलें. कांहींनीं किरकोळ विषयांवर लिहिलें, कांहींनीं आपल्या आयुष्यांतील अत्यंत दुःखद प्रसंगाविषयीं. घडलें काय आणि वाटलें काय, या दोन्ही गोष्टी ज्यांनीं लिहिल्या, त्यांना पुढील महिन्यांत डॉक्टरकडे कमी वेळां जावें लागलें. पण लिहून उठल्याबरोबर त्यांचें मन अधिक खिन्न झालें होतें, हेंही त्या शास्त्रज्ञांनीं नमूद केलें आहे. पुढें असे प्रयोग पुष्कळ झाले. सरासरीनें कांहीं लाभ दिसतो, तो फार मोठा नाहीं, आणि सर्वांनाच होतो असेंही नाहीं. म्हणून वहीला कोणीं वैद्य समजूं नये. ज्याला झोप नाहीं, अन्न जात नाहीं, जगणें नको वाटतें, त्यानें डॉक्टरांकडे जावें. त्यांत पाप नाहीं आणि लाजही नाहीं. तसेंच वही म्हणजे पापनिवेदनही नव्हे. वही क्षमा करूं शकत नाहीं. ती फार तर कोणती क्षमा मागावयाची राहिली आहे, हें दाखवील.

लिहावें कसें, असें कांहीं तरुण मंडळींनीं विचारलें. रात्रींची रोझरी झाल्यावर दहा ओळी पुरेत. तारीख घालावी, तारखेवांचून पुढें कांहीं जुळवितां येत नाहीं. लोक काय म्हणाले यापेक्षां आपण काय केलें तें लिहावें, आणि क्षुल्लक वाटलें तरी लिहावें. माझ्या त्या तीन ओळी क्षुल्लकच होत्या. महिन्याच्या शेवटच्या शनिवारीं मागचीं पानें वाचावीं, शाई न लावतां. दुसऱ्याचें गुपित लिहूं नये. मी स्वतः पापनिवेदनांत ऐकलेल्या गोष्टीची सांवलीसुद्धां वहींत पडूं देत नाहीं. ज्यांचा स्वभाव आधींच स्वतःला टोंचून घेण्याचा आहे त्यांनीं आठवड्यांतून एकदां लिहावें, आणि त्या दिवशीं मिळालेली एक तरी चांगली गोष्ट आधीं लिहावी. आणि आईबापांनो, मुलीची वही उशीखालीं सांपडली तर ती तेथेंच राहूं द्या. नवऱ्यांनाही हेंच सांगणें आहे. फेलिक्सचें उदाहरण येथें लागू नाहीं, त्याची बायको वारलेली होती.

महोत्सव समितीनें प्रत्येक घरीं आठवण म्हणून चांदीच्या मुलाम्याची तसबीर द्यावी असें ठरविलें होतें. मीं वह्या मागितल्या. तीन सभा या एका विषयावर झाल्या, आणि शेवटीं तसबीर लहान व वही मोठी अशी तडजोड झाली. उद्यां मिस्सेनंतर दोन्ही वस्तु दाराशीं मिळतील. वहीच्या पहिल्या पानावर महोत्सवाचें चिन्ह छापूं नका, तें कोरें ठेवा, एवढें माझें समितीनें ऐकलें आहे.

एक वही मीही घेतली आहे. ती माझी नव्हे, दप्तराची. मृत्यूच्या नोंदवहीशेजारीं ती कपाटांत राहील. २०२० व २०२१ च्या करोनाच्या दिवसांत आपल्या दफनभूमींत आम्ही चार-पांच माणसेंच उभे असूं, घरची मंडळी दूर फाटकाबाहेर थांबलेली असत, आणि माझा आवाज त्यांच्यापर्यंत पोंचत नसे. तेव्हां मला काय वाटलें, तें परवां रात्रीं मीं तिच्या पहिल्या पानावर लिहिलें आहे.